वडिलांना मागाहून आलेला हार्ट अटॅक

आमचे वडील आतड्याच्या कॅन्सरने गेले. ते गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी त्यांना हार्ट अटॅक आला, आणि तो आमच्या आईने आणला. माझ्या धाकट्या भावाचं लग्न जमत होतं तेव्हाची ही गोष्ट.

थट्टा करते आहे असं वाटेल, पण माझी बोलायची रीतच अशी आहे. मी एसटीत होते. स्वारगेटला चौकशीच्या खिडकीत बसण्यात माझी हयात गेली. ‘साताऱ्याची गाडी कधी लागेल?’ ‘लागली की दिसेल.’ असली उत्तरं दिवसभर देऊन जीभ जी तिखट झाली ती झाली. लग्न केलं नाही. शनिवार पेठेतल्या फ्लॅटमध्ये मी आणि आई, आणि लग्न होईपर्यंत भाऊ. तो माझ्यापेक्षा बराच लहान. वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होते आणि त्याला अजून बुटाची लेस बांधता येत नव्हती. ती मीच बांधायची.

घरातला आजार काय आहे ते आम्हाला कळलं आत्यामुळे. आत्या आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एकटी राहायची. तिला आधी गर्भाशयाचा कॅन्सर झाला, त्यातून ती उठली, आणि मग आतड्याचा झाला. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने आत्याला सोडून मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. वडील कशाने गेले? काका कशाने गेले? किती वयाचे होते? आजोबा? मी सांगत गेले आणि सांगता सांगता माझंच मला ऐकू यायला लागलं. आमच्या घरात साठी कुणी बघितलीच नव्हती. आम्ही आपले प्रत्येक वेळी वेगळं कारण काढायचो. वडिलांचं जागरणाने झालं, काकांचं तंबाखूने, आजोबांचं नशिबाने.

आत्याचं रक्त तपासलं तेव्हा दोष सापडला. जन्मतःच असतो तो, आणि आईबापांपैकी ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून प्रत्येक मुलाकडे निम्म्या शक्यतेने येतो. पेशी नवीन तयार होताना चुका होतात, त्या दुरुस्त करायची सोय शरीरात असते. आमच्याकडे तीच कच्ची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही भावंडंही तपासून घ्या. आत्या त्याच वर्षी गेली. तिचे दिवस झाल्यावर मी आणि भाऊ रक्त देऊन आलो.

मी सुटले. तो अडकला.

मला आनंद झाला, उगाच खोटं कशाला बोलू? अगदी आतून, गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं. मग मी भावाच्या तोंडाकडे बघितलं आणि तो आनंद कुठे लपवू असं झालं. तो हसला. ‘अभिनंदन ताई,’ म्हणाला. मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली आणि रडूही आलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, ठरावीक काळाने दुर्बिणीने आतडं तपासून घ्यायचं, त्यात टाळाटाळ नाही. दुसरी, रोज एक गोळी. साधी अॅस्पिरिन. भावाला वाटलं बाई चेष्टा करताहेत. ‘ही तर हार्टवाल्यांची,’ तो म्हणाला. ‘तीच,’ त्या म्हणाल्या, ‘सूज कमी करणारी. तुमच्यासारख्या घरांमध्ये ती वर्षानुवर्षं घेतली तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी होतो असं दिसलेलं आहे. पण आज घेतली आणि उद्या गुण आला, असं होत नाही. पुढच्या अनेक वर्षांसाठी आज घ्यायची. पोटाला त्रास होऊ शकतो, म्हणून सोबत ही दुसरी गोळी. मनाने बंद करायची नाही.’ मी वहीबिही काढली नाही. मला ते सगळं तेव्हाच पाठ झालं.

गोळ्यांची पट्टी आमच्याकडे फ्रिजवर स्टीलच्या डब्यात असायची. जेवण झालं की तो हात वर करून डबा काढायचा. आई तेवढा वेळ दुसरीकडे बघायची.

मग स्थळ आलं. सांगलीची मुलगी, शिकलेली, खराडीत नोकरीला. मंडळी बघायला आली. मुलगी, आई-वडील आणि मामा. पोहे झाले, चहा झाला, आणि मामा पाणी घ्यायला उठले ते थेट फ्रिजपाशी. डबा उघडा होता. मामांनी पट्टी हातात घेतली आणि एकदम खूश झाले. ‘अहो, ही तर आमचीच गोळी! बायपास झाल्यापासून रोज घेतो मी. इथे कोण आमचा भाऊबंद?’

भाऊ कपाकडे बघत बसला. आणि आई, जिला साधा फोन उचलून चौथ्या मजल्यावरच्या बाईशी खोटं बोलता यायचं नाही, ती आई शांतपणे म्हणाली, ‘अहो, ह्यांचं अटॅकनेच झालं ना. म्हणून मुलाला आमच्या डॉक्टरांनी आधीपासूनच सुरू केली. काळजी म्हणून.’

‘उत्तम!’ मामा म्हणाले. ‘आधीच काळजी घेणारी माणसं कुठे असतात हल्ली?’

झालं. स्थळ पसंत. हार्ट म्हणजे कसं, घरंदाज दुखणं. कर्त्या माणसांना होतं, मान ठेवून होतं. पोटातला कॅन्सर म्हणजे पोटाला लावलेल्या पिशव्या, वास, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा म्हटला की मुलीचे वडील चपला शोधायला लागतात. आईचं गणित मला कळत होतं. तरी ती मंडळी गेल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. म्हटलं, ‘तू काय बोललीस ते तुला कळलं का? बाबांनी काय काय सोसलं आणि तू त्यांना छातीत कळ देऊन मोकळी झालीस?’ आई म्हणाली, ‘गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?’ भाऊ म्हणाला, ‘ताई, लग्न झालं की मी तिला सांगतो. माझं मला सांगू दे.’ त्याचं होतं, त्याने सांगायचं. मी गप्प बसले.

आमच्या नातेवाइकांचं मला राहून राहून नवल वाटतं. एरवी दोघांचं एका गोष्टीवर जमायचं नाही, पण हे मात्र कुणाला शिकवावं लागलं नाही. काकूने लग्नात सांगलीकरांना स्वतः होऊन सांगितलं, ‘भाऊजींना काही त्रासच झाला नाही हो, झटकन गेले.’ पुढे पुढे त्या अटॅकला तपशील फुटले. सकाळची वेळ होती. चहा अर्धा झाला होता. डाव्या हाताला मुंग्या आल्या म्हणाले. आई हे सांगायची तेव्हा तिचे डोळे भरून यायचे, आणि मला वाटायचं की हिला आता खरंच असं आठवतं. मला मात्र माझे वडील आठवायचे. ते महिनोन्‌महिने मरत होते. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. शेवटी शेवटी माणसं खोलीच्या दारातूनच बोलायची, कारण आत वास यायचा, आणि वडिलांना ते कळायचं. एवढं सोसलेल्या माणसाच्या वाट्याला त्याचं स्वतःचं मरणसुद्धा ठेवलं नाही आम्ही.

भाऊ लग्न झाल्यावर सांगणार होता. मग हनिमूनहून आल्यावर सांगणार होता. मग दिवाळीनंतर. त्यांनी खराडीला घर घेतलं, संसार सुरू झाला, आणि भावजय निघाली सोन्यासारखी. हेच तर वाईट झालं. आळशी, बेफिकीर असती तर बरं होतं. तिने नवऱ्याचं हृदय सांभाळायचा विडाच उचलला. घरातलं तूप बंद. तेल मोजून. सकाळी उठवून चालायला नेणार. अर्जुनाच्या सालीचा काढा करणार, जवसाची चटणी डब्यात देणार. त्याच्या वाढदिवसाला केक नंतर, आधी ईसीजी. सासऱ्यांच्या श्राद्धाला आमच्याकडे यायची तेव्हा फोटोला नमस्कार करून म्हणायची, ‘बाबांच्या वेळेला हे सगळं नव्हतं ना, नाहीतर वाचले असते.’ मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची.

पहिली काही वर्षं निदान तपासणी तरी होत होती. ऑफिसची पिकनिक आहे असं घरी सांगून भाऊ आदल्या दिवशी आमच्याकडे यायचा. पोट साफ करायचं ते औषध पाण्यात कालवून प्यायचं, तांब्यावर तांबे, आणि दिवसभर संडासच्या वाऱ्या. आमचा संडास एकच. आई बाहेरून ओरडायची, ‘अरे, झालं का?’ आणि तो आतून ओरडायचा, ‘पिकनिक चालू आहे!’ आम्ही पोट धरून हसायचो. एकदा दुर्बिणीत आतड्याला फुटलेला एक कोंब सापडला, पॉलिप म्हणतात तो, त्यांनी तो तिथल्या तिथे काढला. डॉक्टर म्हणाले, बघा, म्हणून यायचं असतं. रिक्षातून येताना भाऊ माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला होता. ह्याला मी म्हातारा झालेला बघणार, असं मला तेव्हा खात्रीने वाटलं.

मग मुलगी झाली. तिच्या पाठोपाठ लॉकडाऊन आला, घरून काम आलं. घरात बसलेल्या माणसाला कसली पिकनिक? एक तपासणी चुकली, मग दुसरी. मी फोन केला की ‘पुढच्या महिन्यात नक्की’. पुढचा महिना काही उगवला नाही. तरी गोळी चालू आहे म्हणायचा, आणि मी तेवढ्यावर जीव टांगून बसले होते.

एके दिवशी भावजय पेढ्यांचा बॉक्स घेऊन आमच्याकडे आली. चेहरा नुसता फुललेला. झालं असं की भावाला मध्यंतरी छातीत जळजळ व्हायची. ॲसिडिटीच असणार, पण ती हृदयाच्या धास्तीने त्याला खराडीच्या एका मोठ्या हार्टच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पट्ट्यावर पळवून बघितलं, छातीची सोनोग्राफी केली, आणि सांगितलं की हृदय ठणठणीत आहे. वर म्हणाले, ही अॅस्पिरिन कशाला घेता? पूर्वी आम्ही घरात हार्टचा इतिहास असला की द्यायचो. आता निरोगी माणसाला देत नाही, उगाच पोटात रक्तस्राव व्हायचा. बंद करा.

‘ताई, सुटले हो हे त्या गोळीतून!’ भावजय म्हणाली आणि पेढा माझ्या तोंडाशी धरला.

त्या डॉक्टरांचं काय चुकलं? त्यांना जे सांगितलं त्यावर त्यांनी बरोबरच सांगितलं. भाऊ समोर बसलेला असणार, मान डोलवत. मी आईकडे बघितलं. आईने पेढा घेतला, देवापुढे ठेवला आणि हात जोडले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी चपला घातल्या आणि सरळ ड्यूटीवर निघाले. ड्यूटीला दोन तास अवकाश होता.

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वारगेटला आला. आत यायचं सोडून रांगेत उभा राहिला, आणि नंबर आल्यावर जाळीतून म्हणाला, ‘ताई, चिडू नकोस.’

‘गोळी चालू कर,’ मी म्हटलं.

‘ती डबे तपासते गं. लपवून कशी घेऊ?’

‘मग सांग तिला. आज सांग. नाहीतर मी येते संध्याकाळी खराडीला आणि सांगते.’

मागून एक जण ओरडला, ‘अहो बाई, गप्पा घरी मारा, आमची गाडी जाईल!’ मी त्याला म्हटलं, ‘जाऊ द्या, दुसरी मिळेल.’ भाऊ जाळीला धरून उभा होता. तो फार हळू बोलला. म्हणाला, ‘इतकी वर्षं खोटं बोललो हे तिला कसं सांगू? ती मुलीला घेऊन जाईल. तू सांगितलंस तर मी तुझं तोंड बघणार नाही. आणि तुला काय गं, तू सुटलीस.’

हे तो प्रत्येक वेळी म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी माझ्या तोंडाला कुलूप लागायचं. मी सुटले होते हे खरंच होतं. सुटलेल्या माणसाने अडकलेल्याला कुठल्या तोंडाने शिकवायचं? तो गेला. मी पुढच्याला महाबळेश्वरच्या गाडीची वेळ चुकीची सांगितली.

त्यानंतर तो जिना चढताना थांबायला लागला. रंग उतरला, ओठ पांढरे पडले. चालायला गेला की धाप लागायची. भावजय त्याला घेऊन पुन्हा त्याच हार्टच्या डॉक्टरांकडे पळाली. बिचारी वर्षानुवर्षं पुढच्या दाराशी डोळ्यांत तेल घालून बसलेली, आणि चोर मागच्या दाराने आत येऊन बसला होता. डॉक्टर हुशार. हृदय बरोबर आहे म्हणाले, पण रक्त फारच कमी झालंय, ते कुठून तरी जातंय, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. दाखवलं. दुर्बीण घातली. उजव्या बाजूला मोठा ट्यूमर, आणि लिव्हरपर्यंत पोचलेला.

सर्जनच्या खोलीत आम्ही तिघं होतो. भाऊ, भावजय आणि मी. सर्जन कागदावर लिहिता लिहिता विचारत होते. तंबाखू? नाही. दारू? नाही. घरात कुणाला कॅन्सर?

‘नाही,’ भावजय म्हणाली. ठाम. ‘ह्यांच्याकडे हार्टचं आहे. सासरे अटॅकने गेले.’

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. लहानपणी लेस सुटली की असाच बघायचा. मग मी बोलले. ‘वडिलांना आतड्याचा कॅन्सर होता. काकांना तोच, आजोबांनाही बहुतेक तोच. आत्याला गर्भाशयाचा, मग आतड्याचा. ह्याच्या रक्ताची तपासणी झालेली आहे, दोष आहे. मला नाही.’ बसच्या वेळा सांगाव्यात तशी मी घडाघडा सांगून टाकलं. दुसऱ्या कुठल्या आवाजात ते माझ्याकडून निघालंच नसतं.

सर्जनने पेन खाली ठेवलं. मी वाट बघत होते की भावजय आता ओरडेल, आम्हाला शिव्या देईल, उठून जाईल. तिने सर्जनना एकच विचारलं. ‘मग ती गोळी कशाची होती?’

त्यांनी सांगितलं. सावकाश, न रागावता. ते सांगत होते आणि ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. मग तिने विचारलं की गोळी चालू राहिली असती तर हे झालं नसतं का? सर्जन म्हणाले, तसं कुणीच सांगू शकणार नाही. गोळीने धोका कमी होतो, जात नाही. पण तपासणी वेळेवर झाली असती तर हे लहान असताना सापडलं असतं, एवढं नक्की.

बाहेर आल्यावर ती भावाला म्हणाली, ‘मी तुझ्या छातीला कान लावून झोपायचे रे.’ एवढंच म्हणाली आणि रिक्षा बघायला पुढे गेली.

मला वाटलं होतं ती माहेरी जाईल. त्यालाही तेच वाटत होतं, त्या भीतीनेच तर सगळं झालं. ती गेली नाही. ऑपरेशन झालं, मग इम्युनोथेरपी दिली. ह्या दोषातून होणाऱ्या कॅन्सरला ती पुष्कळदा चांगली लागू पडते म्हणाले. आमच्या नशिबी ते ‘पुष्कळदा’ नव्हतं. भावजयीने सगळं केलं. पण त्याच्याशी कामापुरतं बोलायची. पाणी हवं का, कूस बदलू का. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसायची आणि भिंतीकडे बघायची. तो तिच्याकडे बघायचा. ते बघवत नव्हतं मला, म्हणून मी कँटीनमध्ये जाऊन नको असलेला चहा प्यायची.

आई दवाखान्यात फार यायची नाही. आली की सुनेशी तिची नजर मिळायची नाही. एकदा मला म्हणाली, ‘मी त्याच्या भल्यासाठीच बोलले होते गं.’ मी म्हटलं, ‘हो, भलं दिसतंय की.’ आजही मला त्या वाक्याची लाज वाटत नाही.

शेवटच्या दिवसांत एका दुपारी खोलीत मी एकटीच होते. भावाने मला जवळ बोलावलं. आवाज अगदी गेला होता. म्हणाला, ‘ताई, एक काम कर. पोरीला सांग, बाबांना हार्टचं होतं.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ‘काय?’

‘तिचं पण लग्न व्हायचंय ना कधीतरी.’

माझा संताप संताप झाला. मरणाऱ्या माणसावर संताप येऊ नये म्हणतात. आला मला. ‘नाही सांगणार,’ मी म्हटलं. ‘हार्ट म्हणून सांगू, म्हणजे तिनेही उद्या तपासणी चुकवायची, आणि आणखी वीस-पंचवीस वर्षांनी ह्याच खाटेवर येऊन पडायचं? लग्न नाही झालं तर नाही झालं. माझं कुठे झालंय? मेले का मी?’

त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानापर्यंत आलं. मी ते पुसलं. तो आणखी काही म्हणेल म्हणून मी तोंडाजवळ कान नेला, पण त्याने डोळे मिटून घेतले. दोन दिवसांनी तो गेला. मधल्या काळात तो माझ्याशी बोलला नाही. बोलता येत नव्हतं की बोलायचं नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही. मी खरं बोलले होते, आणि मला आजही वाटतं की ते थोडं हळू बोलायला हवं होतं.

भेटायला माणसं येत होती. शनिवार पेठेतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली होती. आई भिंतीला टेकून, शेजारी भावजय, मी दारापाशी. भावाची मुलगी, आठ वर्षांची, आजीला खेटून बसली होती. चौथ्या मजल्यावरच्या बाई आल्या, सोबत त्यांच्या दोघी बहिणी. नमस्कार-चमत्कार झाले. बाईंनी मुलीच्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, ‘काय झालं होतं गं बाबांना?’

‘हार्टचं,’ मुलगी म्हणाली. पाठ केलेल्या कवितेसारखं. मग बरोबर आलं का हे बघायला तिने आजीकडे बघितलं.

मी बोलायला तोंड उघडलं, पण भावजय आधी बोलली. ‘नाही,’ ती म्हणाली. ‘बाबांना आतड्याचा कॅन्सर झाला होता.’

बाई आणि त्यांच्या बहिणी सतरंजीकडे बघायला लागल्या. मुलगी गोंधळली. तिने आधी आजीकडे बघितलं, मग स्वतःच्या आईकडे. मग म्हणाली, ‘पण त्याला औषध नव्हतं का?’

‘होतं. एक गोळी होती रोजची. ती त्यांनी बंद केली.’

‘का? कुणी सांगितलं?’

‘मी,’ भावजय म्हणाली. तिने ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हटलं नाही. पेढ्यांचा, मामांचा, आमचा कुणाचाही उल्लेख तिने केला नाही. नुसतं ‘मी’.

मी आईकडे बघितलं. आता ती बोलेल असं मला वाटलं. एवढं तरी म्हणेल की हिचा काही दोष नाही, मी फसवलं हिला. आई मुलीचा हात धरून पुढे वाकली आणि मला हलक्या आवाजात म्हणाली, ‘हिला आत घेऊन जा. लोक बसलेत.’

‘बसू देत,’ भावजय म्हणाली. तिने आईच्या हातातून मुलीचा हात सोडवला, तिला आपल्या मांडीवर ओढून घेतलं, आणि त्या सगळ्या बायकांच्या देखत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आजोबा कशाने गेले तिथपासून.